भाकरी औषधाच्या यादीत हवी

पुण्याहून नाशिककडे जाणारा आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा असे दोन महामार्ग जुन्नर तालुक्यात आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. या चौकातून रात्रंदिवस अन्न वाहत असते. आळेफाट्याच्या उपबाजारातला कांदा, नारायणगावच्या बाजारातले टोमॅटो, गावोगावचे दूध हे सारे मुंबई-पुण्याच्या दिशेने धावते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागाला महानगरांचे कोठार बनवले. परंतु ज्या डोंगरदऱ्यांतून हे पाणी येते तेथील महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या घरांत कोठाराचा मागमूस नाही. धरणांच्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरे गेली, त्यांतील कित्येकांच्या लेकी-सुना आज त्याच पाण्यावर पिकणाऱ्या शिवारात कांदा लावण्यास आणि काढण्यास रोजंदारीवर उतरतात. त्यांच्या अंगात रक्त कमी आहे, असे सरकारी दवाखान्याचा कागद सांगतो. त्याच कागदावर लोहाच्या गोळ्यांची नोंद होते. भाकरीची, डाळीची, अंड्याची नोंद करण्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही.

हा रकाना का नाही, हा प्रश्न वैद्यकीय दिसतो. वस्तुतः तो राजकीय आहे. आजारी माणसाला, गरोदर बाईला आणि खंगलेल्या मुलाला पोटभर सकस अन्न मिळणे हा उपचाराचाच भाग आहे. ते अन्न त्याच परिसरातील शेतकऱ्याकडून विकत घेतले पाहिजे, त्याच गावातील स्त्रियांनी योग्य मजुरी घेऊन शिजवले पाहिजे आणि त्याचा संपूर्ण खर्च शासनाने उचलला पाहिजे. ही मागणी इतकी साधी आहे की तिला उघड विरोध कोणी करीत नाही. तिचा पराभव नेहमी आडमार्गाने होतो. कधी ठेकेदार तिच्या वाटेत उभा राहतो, कधी दाता, तर कधी तज्ज्ञ. या तिघांचीही झडती घेतली पाहिजे.

रोगाचे मूळ पोटात

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आणि ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण आधीच्या फेरीतील ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेले. साखर, दूध, कांदा आणि द्राक्षे यांचा अभिमान मिरवणाऱ्या प्रगत राज्याची ही कुंडली आहे. अन्नाचे उत्पादन वाढले की भूक आपोआप हटते, या भांडवलदारी समजुतीचा याहून स्पष्ट पराभव दुसरा कोणता असेल?

रोगाचे मूळ दारिद्र्यात असते हे काही नवे ज्ञान नव्हे. १८४८ साली जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो अप्पर सायलेशियातील साथ पाहण्यास गेला आणि परत येऊन त्याने सरकारला उपाय सांगितला तो लोकशाहीचा, शिक्षणाचा आणि जनतेच्या आर्थिक उन्नतीचा. १९७८ साली अल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेची जी व्याख्या स्वीकारली तीत अन्नपुरवठा आणि योग्य पोषण यांचा स्पष्ट समावेश होता. भारतही त्या घोषणेत सहभागी होता. पुढे गोळ्या, लसी आणि यंत्रे यांना अंदाजपत्रकात जागा मिळाली. अन्नाला मिळाली ती भाषणात.

क्षयरोगाचा इतिहास या बाबतीत विशेष बोलका आहे. १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रसिद्ध संशोधन सुरू झाले. काही क्षयरुग्णांवर आरोग्यधामात, तर काहींवर त्यांच्या दरिद्री घरीच उपचार करण्यात आले. आरोग्यधामातील आहार कितीतरी चांगला होता. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्हीकडील रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाल्याचे दिसले. लक्षावधी गरिबांना घरी राहून उपचार घेता येतील हा त्या संशोधनाचा मोठा लाभ होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यातून राज्यकर्त्यांनी सोयीचा अर्थ असा काढला की औषध असले म्हणजे अन्नाची फिकीर नको. औषधाने जंतू मरतात. पण एकाच खोपटात राहणाऱ्या पाच जणांपैकी उद्या कोण आजारी पडेल आणि आजारी पडलेला पुन्हा कामावर उभा राहील की नाही, हे औषध ठरवीत नाही. हा प्रश्न त्या संशोधनाने विचारलाच नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला तो साठ वर्षांनी. झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे यांचा अभ्यास केला. सर्व रुग्णांना औषधाबरोबर तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल असा मासिक शिधा देण्यात आला. निम्म्या गटात हा शिधा घरातील इतरांनाही मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि संसर्ग पसरविणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी झाला. जे काम एखाद्या नव्या लसीने केले असते तर जगभर नगारे वाजले असते, ते काम तांदूळ आणि डाळीने केले. या शोधाचे पेटंट कोणालाही घेता येत नाही, हीच बहुधा त्याची अडचण आहे!

अमृत आहार आणि नकाशावरची रेघ

महाराष्ट्र शासनाला हे मुळीच कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०१५ मध्ये शासनाने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. आदिवासी क्षेत्रातील गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत दिवसातून एक वेळचे पूर्ण, गरम जेवण द्यायचे, अशी ही योजना. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ-कडधान्य, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे किंवा केळी किंवा नाचणीचा हलवा असा तिचा तक्ता आहे. पुढच्याच वर्षी लहान मुलांसाठी अंडी आणि केळी यांची जोड देण्यात आली. खरेदीचा निर्णय मुंबईत न होता गावपातळीवरील आहार समितीकडे देण्यात आला. ज्या दिशेने सार्वजनिक आरोग्याने जावयास हवे, त्या दिशेने टाकलेले हे पाऊल होते आणि त्याचे श्रेय देण्यात कोणताही संकोच नसावा.

पण हे पाऊल एका रेघेपाशी थांबते. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांचा केवळ काही भाग अनुसूचित क्षेत्र ठरला. हा भाग पश्चिमेचा, घाटमाथ्याकडचा. आळे, बेल्हे, राजुरी या पूर्वेच्या पट्ट्यात ही रेघ येत नाही. भूक मात्र रेघ पाळत नाही. पश्चिमेकडच्या वाडीतील गरोदर मजूर स्त्री कांद्याच्या हंगामात आळ्याच्या शिवारात येते तेव्हा तिचे पोट आणि पोटातले बाळ तिच्याबरोबर येते; तिचे अमृत मात्र वाडीतच राहते. ज्या दिवसांत तिला सर्वांत जास्त श्रम पडतात, नेमक्या त्याच दिवसांत तिचे जेवण तुटते. बांधावर तिच्या फडक्यात असते ती कोरडी भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तिच्या हातून भरलेली गोणी बाजारात तोलून घेतली जाते. तिचे स्वतःचे वजन किती, हे विचारणारा त्या शिवारात कोणी नसतो.

पूर्वेकडील भूमिहीन, भटके आणि दलित कुटुंबांचीही हीच स्थिती आहे. ते आदिवासी क्षेत्रात राहत नाहीत, एवढाच त्यांचा अपराध. त्यांना मिळते ती एकात्मिक बालविकास योजनेची सर्वसाधारण तरतूद. तिचे दर २०१७ साली ठरले ते असे: मुलाला दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलाला १२ रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेला साडेनऊ रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एका मातेच्या वाट्याला २३७ रुपये ५० पैसे येतात. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली याच मातेसाठी दिवसाला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा हक्क लिहून ठेवला आहे. एका अंड्यात आणि मूठभर डाळीत संपणाऱ्या रकमेत तो हक्क कसा बसवायचा, याचे गणित कायदा करणाऱ्यांनीच मांडून दाखवावे.

अमृत आहार जेथे आहे तेथेही त्याचा भार कोणाच्या खांद्यावर आहे? निधी वेळेवर आला नाही की अंगणवाडी सेविका गावच्या किराणा दुकानात आपल्या नावावर उधारी करते, ही तक्रार राज्याच्या आदिवासी भागांतून वारंवार आली आहे. या स्त्रियांना शासन वेतन देत नाही, मानधन देते. ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ च्या अखेरच्या आठवड्यापर्यंत महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी संपावर होत्या तेव्हा त्यांची मागणी मानधनाऐवजी वेतन, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन हीच होती. ग्रॅच्युइटीवरील त्यांचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. जी बाई गावाचे पोषण शिजवते तिच्या स्वतःच्या चुलीचा प्रश्न सोडविल्याशिवाय कोणताही आहार कार्यक्रम टिकणार नाही.

ठेकेदाराचे पोषण

या मागणीच्या वाटेत प्रथम उभा राहतो तो ठेकेदार. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाड्यांच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, गावातील समूह, बचत गट आणि महिला मंडळे यांच्यामार्फत धान्य खरेदी व्हावी व अन्न शिजवले जावे, असे बजावले. डिसेंबर २००६ मध्ये तेच पुन्हा सांगितले. महाराष्ट्रात या आदेशाचे काय झाले? २०१२ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने दाखवून दिले की महिला मंडळांच्या पाट्यांमागे खासगी कंपन्याच उभ्या आहेत. पाटीवर महिला, मागे यंत्र आणि यंत्रामागे मालक! मार्च २०१६ मध्ये राज्याने सुमारे ६,३०० कोटी रुपयांच्या घरपोच आहाराची निविदा काढली ती अशा अटींवर की खेड्यातल्या बचत गटाने तिच्या जवळही फिरकू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली. म्हणजे पंधरा वर्षे एकच गोष्ट न्यायालयाने सांगायची आणि सरकारांनी, मग ती कोणत्याही पक्षाची असोत, एकच गोष्ट टाळायची.

या काळात मुलांच्या वाट्याला आली ती पिठाची बंद पाकिटे. ती गुरांना घातली जातात, कोंबड्यांपुढे टाकली जातात, अशा बातम्या महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आल्या. यावर आयांना अडाणी ठरविणारे अधिकारी कमी नाहीत. परंतु मुलाच्या जिभेला न रुचणारे, आईला ओळखीचे नसलेले अन्न नाकारण्यात अडाणीपणा कसला? उपचार म्हणून दिलेले अन्न पोटात गेले तरच उपचार होतो. भांडारातील नोंदवहीत गेलेले अन्न फक्त ठेकेदाराला पोसते.

पाकिटामागे नेहमी एखादा शास्त्रीय सिद्धान्त उभा केला जातो, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९५० आणि १९६० च्या दशकांत जगभर प्रथिनांच्या तुटवड्याची हाकाटी झाली आणि गरिबांच्या मुलांसाठी प्रथिनयुक्त भुकट्या बनविण्याचा उद्योग फोफावला. सातारा जिल्ह्यात जन्मलेले आणि पुढे पुण्यात काम केलेले सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी दाखवून दिले की भारतीय मुलांच्या आहारात मुख्य तूट एकंदर अन्नाची आहे. तीच भाकरी-भात आणि डाळ पुरेशी मिळाली तर प्रथिनांचा प्रश्न बव्हंशी सुटतो. सुखात्म्यांच्या पुढील काळातील काही मतांशी वि. म. दांडेकरांनी घेतलेला वाद प्रसिद्ध आहे. पण भुकटीच्या भ्रमाचा फुगा फोडण्याचे त्यांचे काम निर्विवाद आहे. आज भुकटीची जागा सूक्ष्मपोषकांनी युक्त मिश्रणांनी आणि शेंगदाण्याच्या पेस्टने घेतली आहे. नाव बदलले, गरिबाच्या भुकेवर कारखाना चालविण्याची रीत तीच.

दात्याची टोपली

ठेकेदारानंतर येतो दाता. क्षयरुग्णाच्या आहारासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देण्यास सुरुवात केली. दिवसाला सोळा-सतरा रुपये! ही रक्कम साडेसहा वर्षे तशीच राहिली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० झाली. झारखंडच्या संशोधनाने जो धडा दिला तो संपूर्ण कुटुंबाला शिधा देण्याचा होता. त्यावर सरकारचे उत्तर काय? सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'निक्षय मित्र' मोहिमेतून दानशूर व्यक्ती, कंपन्या आणि संस्था यांनी रुग्णांना दत्तक घ्यावे आणि अन्नाच्या टोपल्या द्याव्यात! २०२४ मध्ये या टोपल्या रुग्णाच्या घरच्यांपर्यंत नेण्याचे जाहीर झाले, तेही दात्यांच्याच भरवशावर.

कोणी सद्भावनेने टोपली देत असेल तर त्याचा हात धरण्याचे कारण नाही. पण शासनाने आपले कर्तव्य दात्याच्या मर्जीवर सोपविणे ही निराळी गोष्ट आहे. ज्याला दाता भेटला त्याचा क्षय बरा व्हावा आणि ज्याला भेटला नाही त्याने खोकत राहावे, असा न्याय कोणत्या लोकशाहीत बसतो? औषधाची गोळी दात्याची वाट पाहत नाही. ती सरकारी कपाटातून हक्काने येते. मग भाकरीनेच का वाट पाहावी? शिवाय टोपलीबरोबर छायाचित्र काढले जाते. क्षयाची लाज अजूनही मोठी आहे. त्या खेड्यातल्या रुग्णाला अन्नासाठी आपला आजार छायाचित्रात मांडावा लागतो, ही विटंबना आहे.

हीच वृत्ती शाळेतही शिरली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्यास सुरुवात झाली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी काढून घेतला आणि हवे असेल तर लोकसहभागातून अंडी व नाचणीसत्त्व द्यावे, असे शाळांना सांगितले. ज्या गावाकडे वर्गणीची ऐपत आहे त्या गावातील मुलांना अंडे, आणि ज्याला अंड्याची खरी गरज आहे त्या गावाला लोकसहभागाचा उपदेश! २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्या वर्षी नाचणी महानगरातील बिस्किटांच्या रंगीत डब्यांवर झळकली. पुढच्या सव्वा वर्षात ती शाळेच्या ताटात ऐच्छिक झाली. कृषिखात्याचे रानभाज्यांचे महोत्सव होतात. कुरडू, टाकळा, भारंगी यांची छायाचित्रे छापून येतात. या भाज्या ज्या बाया ओळखतात आणि खुडतात, त्यांच्याकडून त्या नियमितपणे विकत घेऊन ग्रामीण रुग्णालयाच्या स्वयंपाकात वापराव्यात, हे कोणत्याही खात्याला सुचत नाही.

तज्ज्ञांचे आक्षेप

तिसरा विरोध अधिक गंभीर आहे, कारण तो शास्त्राच्या भाषेत येतो. गावात शिजवलेल्या अन्नाची शुद्धता कोण तपासणार, त्यातील जीवनसत्त्वे कोण मोजणार, आणि तीव्र कुपोषित मुलाला घरच्या अन्नाने खरोखर बरे करता येते काय, असे हे आक्षेप आहेत. त्यांना घोषणेने उत्तर देऊन चालणार नाही.

दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडू येथील ९०६ तीव्र कुपोषित मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन गट होते. कारखान्यातून आलेली तयार पेस्ट खाणारी ४७.५ टक्के मुले सोळा आठवड्यांत सावरली. पूरक सामग्री घालून घरी शिजविलेले अन्न खाणारी ४२.८ टक्के सावरली. आणि तीच पेस्ट स्थानिक पातळीवर बनवून दिलेल्या गटात हे प्रमाण ५६.९ टक्के होते. घरच्या अन्नाचे यश यांत सर्वांत कमी होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अत्यंत खंगलेल्या मुलाला काही आठवडे घट्ट, उष्मांकाने भरलेला आहार आणि वैद्यकीय देखरेख लागते. पण त्याच अभ्यासाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, असा आहार जवळ तयार झाला तर तो कारखान्याच्या मालापेक्षा कमी ठरत नाही. दुसरी, उपचार थांबल्यावर पुढील सोळा आठवड्यांत तिन्ही गटांतील सावरलेली बहुतेक मुले पुन्हा घसरली. पेस्टने मूल महिनाभर उचलता येते. घरातील चूल रिकामी असेल तर ते पुन्हा खालीच येते. म्हणून प्रश्न पाकिटाचा की पातेल्याचा, एवढ्यापुरता राहत नाही. संपूर्ण घराच्या अन्नाचा आणि मजुरीचा प्रश्न त्यातून टाळताच येत नाही.

'स्थानिक' या शब्दाचीही पूजा नको. गरिबाचे आजचे स्थानिक जेवण म्हणजे भाकरी आणि मीठ-मिरची. त्याचे गोडवे गाणे ही क्रूर थट्टा होईल. स्थानिक अन्न म्हणजे या दोन तालुक्यांच्या मातीत जे जे पिकते ते सारे गरिबाच्या ताटात: पश्चिमेची नाचणी, वरई आणि भात, पूर्वेची बाजरी, हुलगा, मटकी आणि भुईमूग, त्याबरोबर दूध, अंडी, तेल आणि पालेभाजी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. बाजरीत गव्हाहून अधिक लोह असते. हे मिश्रण कोणत्याही प्रयोगशाळेला खाली पाहायला लावणारे नाही.

राहिला खेड्यातील बायांच्या लायकीचा प्रश्न. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आळे येथे आहे. वेदांवर मोजक्यांचा मक्ता मानणाऱ्यांना ती कथा आजवर लाजवीत आली आहे. पोषणाचे ज्ञान फक्त निविदा भरणाऱ्याकडे असते असे मानणारे आजचे पंडित त्याच जातकुळीचे आहेत. तपासणी जरूर व्हावी. आरोग्यखात्याने नमुने घ्यावेत, स्वयंपाकाची जागा, पाणी आणि इंधन यांची सोय करावी, शिक्षण द्यावे. हे न करता बायांना नालायक ठरविणे म्हणजे हात बांधून पोहता येत नाही म्हणून हिणवणे आहे.

जे घडले आहे ते

हे स्वप्नरंजन नाही, कारण ते घडलेले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातील जामखेडच्या दुष्काळी मुलखात काम सुरू केले तेव्हा लोकांनी औषधाआधी पाणी आणि अन्न मागितले. गावोगावी शेतकरी मंडळे उभी राहिली, सामूहिक स्वयंपाकघरे चालली आणि शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. मुलांचे वजन करणे, आयांना आहार समजावणे, बाळंतपण करणे ही कामे त्यांनी पेलली. बालमृत्यू आणि कुपोषण यांचे प्रमाण तेथे झपाट्याने खाली आले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारने कौतुक केले. पण त्या कामाचा गाभा होता गावाच्या हाती सत्ता देणे. तो मात्र उचलला नाही.

अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही हाच संघर्ष झाला आहे. मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे १९६० च्या दशकात डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब कृष्णवर्णीय शेतमजुरांसाठी आरोग्यकेंद्र काढले. तेथील मुले भुकेने आजारी होती. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देऊ लागले. स्थानिक दुकानदार ते देत आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर पडे. वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला तेव्हा त्यांना सांगण्यात आले की कुपोषणावरचे औषध वैद्यकशास्त्रात अन्न हेच आहे. पुढे त्या मजुरांनी सहकारी शेती उभारून स्वतःची भाजी स्वतः पिकवली. चिठ्ठीपासून शेतापर्यंतचा हा प्रवास महत्त्वाचा आहे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या पुणे जिल्ह्याला तो अवघड का वाटावा? उसाला सहकार आहे, दुधाला सहकार आहे. रुग्णाच्या ताटालाच तो नाही.

लढ्याचा कार्यक्रम

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या पक्ष कार्यकर्त्यांसमोर आणि सर्व समविचारी संघटनांसमोर नेमक्या मागण्या असल्या पाहिजेत. पहिली, अमृत आहाराचे गरम जेवण अनुसूचित क्षेत्राची रेघ ओलांडून सर्व गरोदर व स्तनदा स्त्रियांना मिळाले पाहिजे. आणि स्थलांतरित मजूर स्त्री ज्या गावच्या शिवारात काम करते त्याच गावच्या अंगणवाडीत तिला ते मिळाले पाहिजे. दुसरी, दैनंदिन दर बाजारभावाशी जोडले पाहिजेत आणि निधी आगाऊ आला पाहिजे. तिसरी, क्षयरुग्णाच्या संपूर्ण कुटुंबाला उपचाराच्या काळात तांदूळ-नाचणी-बाजरी, डाळ, तेल आणि दूध यांचा शिधा रेशन दुकानातून हक्काने मिळाला पाहिजे. दात्याची टोपली वरकड असावी. चौथी, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणात तीन आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस मोफत आहाराचा हक्क दिला आहे. तो प्रत्यक्षात मिळतो काय याची लोकांनी तपासणी केली पाहिजे आणि ग्रामीण रुग्णालयातील इतर गरीब रुग्णांपर्यंत तो वाढविला पाहिजे. पाचवी, या साऱ्या आहाराची खरेदी तालुक्यातील छोट्या शेतकऱ्यांकडून हमीभावाने, बचत गटांमार्फत झाली पाहिजे. सहावी, शिजविणाऱ्या स्त्रीला किमान वेतन मिळाले पाहिजे.

पाचव्या मागणीचे राजकीय महत्त्व विशेष आहे. कांद्याचा भाव कोसळला की आळेफाट्यावर शेतकरी रस्त्यावर उतरतो. दवाखान्याच्या पायरीवर मजूर बाई मुकाट बसलेली असते. आज हे दोघे एकमेकांना परके आहेत. मजुरीच्या दरावरून तर अनेकदा विरोधकच. रुग्णालय, अंगणवाडी आणि शाळा यांनी नाचणी, हुलगा, भुईमूग, अंडी आणि भाजी यांची वर्षभर ठरलेल्या भावाने खरेदी सुरू केली, तर छोट्या शेतकऱ्याला एक पक्के गिऱ्हाईक मिळते आणि मजुराच्या घराला अन्न. दोघांचे हित एका ठिकाणी जुळविणारे असे प्रश्न चळवळीला सहजासहजी सापडत नाहीत. घाटमाथ्यावरचा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करतो आणि तो हिरडा औषधांच्या कारखान्यांत जातो. हिरड्याच्या भावासाठी आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळातील नुकसानभरपाईसाठी त्याने केलेली आंदोलने या परिसराला परिचित आहेत. जो जगाला औषध पुरवितो त्याच्या घरी औषधाइतकेच आवश्यक असलेले अन्न पोहोचविण्याचा लढा हा त्याच लढ्याचा पुढचा टप्पा आहे.

हे काम निवेदन देऊन संपणारे नाही. कार्यकर्त्यांनी प्रत्येक अंगणवाडीतील पातेल्यात काय शिजते आणि किती दिवस शिजते याची नोंद ठेवावी. ग्रामसभेत आहार समितीचा हिशेब वाचावयास लावावा. क्षयरुग्णांच्या खात्यावर रक्कम कोणत्या महिन्यात आली याची यादी, रुग्णांची नावे उघड न करता, तालुका आरोग्य अधिकाऱ्यापुढे मांडावी. हंगामी मजुरांच्या पालांवर जाऊन गरोदर स्त्रियांची नोंदणी करवून घ्यावी. पोषण हा बायकांचा विषय म्हणून महिला आघाडीकडे ढकलण्याची सवय सोडावी. भाकरीचा प्रश्न हाच समाजवादी चळवळीचा पहिला प्रश्न होता, आणि दवाखान्याच्या दारात तो आजही तसाच उभा आहे. औषधाच्या यादीत भाकरीचे नाव लिहिले जाईपर्यंत त्या दारातून कोणीही हलू नये.